बालाघाटावरचं बेट

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या ज्या घरांना परवडतं त्यांच्या गाड्या कोकणाकडे निघतात. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, डिकीत पाण्याचा जार. अहिल्यानगर, पुणे, मुळशी असं करत ताम्हिणी घाट उतरला की माणगाव येतं आणि तिथून मुरूडचा किनारा. एक दिवस राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला जायचं. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढायचं, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं आणि दिवेआगरच्या एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्यांच्या कौलारू घरात मुक्काम करायचा. आमच्या मुलांनी पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, फार तर पैठणचा नाथसागर. पलीकडचा काठ नसलेलं पाणी ती इथं पहिल्यांदा बघतात. आजी-आजोबाही पहिल्यांदाच बघत असतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

या प्रवासाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सावकाश सांगायची आहे. कोरड्या मुलखातला माणूस बेटावर पाय ठेवतो तेव्हा आपण अगदी परक्या जगात आलो असं त्याला वाटतं. इकडे पाणीच पाणी, आपल्याकडे धूळच धूळ. पण पिण्याच्या पाण्याचा हिशोब मांडला तर बेटावरचं वस्तीस्थान आणि बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव एकाच जातीची ठरतात. दोघांकडे बाहेरून नदी येत नाही. दोघांच्या वाट्याला तेवढंच पाणी, जेवढं आभाळातून त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर पडेल. फरक असलाच तर हा की बेटाला आपली हद्द रोज डोळ्यांसमोर दिसते, आणि आपल्याला ती दिसत नाही.

जंजिऱ्यापासूनच सुरुवात करू. राजपुरीहून निघालेली होडी वारा असेल तसा वेळ घेत किल्ल्यापाशी येते. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, नुसता तट दिसतो. आत शिरताना हत्तींना पंजात धरलेल्या वाघाचं शिल्प, मग बुरूज, मग कलालबांगडी तोफ. गाईड तोफेपाशी बराच वेळ थांबतो आणि लोकही तिथंच फोटो काढतात. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात सेतू बांधायचा प्रयत्न केला तरी तो पडला नाही, हे सगळं तिथं सांगितलं जातं. पण तटाच्या आत दोन मोठे तलाव आहेत आणि त्यांत गोडं पाणी आहे. मला वाटतं, किल्ल्याचं खरं बळ तिथं आहे. तोफ शत्रूला लांब ठेवते, पण तहान तटाच्या आतच असते. वेढा महिनोन्‌महिने चालला की आतल्या माणसांना, घोड्यांना, बाळंतिणींना रोज पाणी लागतं, आणि चहूबाजूंच्या समुद्रातला एक थेंबही त्यांच्या कामाचा नसतो. कोकणातला दुसरा मोठा जलदुर्ग सिंधुदुर्ग. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये त्याचं काम सुरू झालं. तिथंही लोक दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आवर्जून दाखवतात. समुद्रातल्या खडकावर गोडं पाणी सापडलं, म्हणून तिथं गड वसू शकला.

आता जरा आकडेमोड करू, कारण या विषयात आकड्यांशिवाय डोळे उघडत नाहीत. जंजिऱ्याचं क्षेत्र सुमारे २२ एकर, म्हणजे जवळपास ८९ हजार चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे या एवढ्याशा खडकावर चार महिन्यांत २६ कोटी लिटरहून जास्त पाणी कोसळतं. त्यातलं बहुतेक सगळं तटाच्या मोऱ्यांतून समुद्रात जातं. राहतं ते तलावांत मावेल तेवढंच. चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळत असलं, तरी उरलेले आठ महिने बेट त्या दोन तलावांवर जगायचं. पाऊस किती पडला याला बेटावर फारसा अर्थ नाही. किती राहिला, याला आहे.

हे केवळ किल्ल्यापुरतं नाही. ज्या कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच कोकणातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतो. डोंगर उतरता, जांभा दगड सच्छिद्र आणि समुद्र जवळ. पडलेलं पाणी दिवाळीच्या आत निघून जातं. बीडच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही. एवढ्या पावसात टँकर? पण टँकर पावसाच्या कमीपणावर चालत नाही, तो साठवणीच्या कमीपणावर चालतो. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर सुट्टीचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

दिवेआगरच्या वाडीतला मुक्काम हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं शिकवतो. वाडी वाळूवर वसलेली, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरीही विहिरीचं पाणी गोडं. हे कसं? पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी किंचित जड असतं. हा फरक फार थोडा, शंभरात अडीच भागांचा. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असू शकतं. पण हा तोल दोन्हीकडून चालतो. वरचं पाणी एक फूट उपसलं की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. म्हणून वाडीवाल्यांना मोटार किती वेळ चालवायची हे पक्कं माहीत असतं.

आमच्याकडची माणसं कुठंही गेली तरी आधी विहीर बघतात. अशाच एका मुक्कामात आमच्या घरातल्या आजीनं सकाळी विहिरीत वाकून बघितलं आणि वाडीच्या मालकीणबाईंना विचारलं, “किती परसावर हाय वो पाणी?” परस हे माप त्या काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी हातानं दाखवलं आणि म्हणाल्या, “पाणी आहे हो आजी, पण ओढायचं बेतानं. जास्त ओढलं की मचूळ येतं, मग माडही रुसतात.” आजी म्हणाली, “आमच्याकडं जास्त ओढलं की नुसता वारा येतो, बाई.” दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसल्या. एकीच्या विहिरीखाली समुद्र, दुसरीच्या विहिरीखाली काळा पाषाण. पण दोघींचं म्हणणं एकच होतं: खाली एक तळ आहे, आणि तो आपल्या मर्जीवर नाही.

आता बीडकडे वळू. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी जाते. पण जिल्ह्याचा कणा म्हणजे बालाघाट. हा डोंगर पाणी वाटून देणारा आहे. त्याच्या उत्तर उतारावरचं पाणी बिंदुसरा, सिंदफणा असं करत गोदावरीला मिळतं. दक्षिणेकडे मांजरा आहे. ती पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि बीड, धाराशिव, लातूर, मग कर्नाटक, तेलंगणा असा सातशे किलोमीटरहून लांब प्रवास करून शेवटी गोदावरीलाच जाते. म्हणजे नद्या आपल्याकडे येत नाहीत, आपल्याकडून जातात. पाटोदा, शिरूर, केज, धारूर या भागांत माथ्यावर जी गावं वसली आहेत, त्यांच्या शिवारात वरून एकही ओढा येत नाही, कारण वर दुसरं काही नाहीच. तिथला प्रत्येक ओढा गावातून बाहेर जाणारा. समुद्रातल्या बेटावर पडलेलं पाणी जसं चारी दिशांना किनाऱ्याकडे धावतं, अगदी तसंच.

म्हणून मी म्हणतो की बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव हे बेट आहे. त्याला किनाराही आहे. शिवाराच्या वरची ती धार, जिच्या अलीकडे पडलेलं पाणी आपल्या ओढ्याला येतं आणि पलीकडे पडलेलं दुसऱ्या गावाला जातं, तो आपला किनारा. जंजिऱ्यावर उभं राहिलं की लहान पोरालाही कळतं, इथं जमीन संपली. पाणलोटाची धार मात्र नकाशावर आखल्याशिवाय किंवा धो-धो पावसात माथ्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जी मर्यादा दिसत नाही, ती नाहीच असं समजून माणूस वागतो. आपल्या पाणीटंचाईचं मूळ मला या न दिसण्यात सापडतं.

जुन्या माणसांना ही मर्यादा कळत होती याचा पुरावा बीड शहराजवळच आहे. खजाना विहीर शहरापासून सहा-एक किलोमीटरवर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली. तिच्यात भुयारी वाटांनी जमिनीतलं पाणी येतं, आणि दुसऱ्या भुयारी वाटेनं ते आपोआप बाहेर पडून पुढच्या शेतांना मिळतं. मोट नाही, रहाट नाही, नुसता उतार. दुष्काळातही या विहिरीची पातळी ढळत नाही असं लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. त्या श्रद्धेमागे बांधकामातली एक सोपी अक्कल आहे. पाणी बाहेर जाण्याचं तोंड ज्या पातळीला आहे, तिच्याखालचं पाणी त्या वाटेनं कुणीही नेऊ शकत नाही. किती घ्यायचं हे माणसाच्या हावेवर सोडलेलं नाही, ते दगडात बांधून टाकलेलं आहे.

आणि इथं एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जंजिऱ्याची दगडी तटबंदी १५६७ ते १५७१ या काळात उभी राहिली असं इतिहासात नोंदलं आहे. तीही निजामशाहीच्याच अमलात. मुळात त्या खडकावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, तो निजामशाही सरदारानं घेतला आणि पुढं दगडी किल्ला झाला. म्हणजे समुद्रातला तो किल्ला आणि बीडच्या माळावरची ही विहीर एकाच राज्यानं, दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं बांधली. एकीकडे चौफेर खारं पाणी, दुसरीकडे चौफेर माळ. दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यांसमोर प्रश्न मात्र एकच होता: बाहेरून येणार नाही असं धरून चाललं, तर इथं माणूस कसा टिकेल? बीडच्या कुटुंबानं जंजिरा बघून यावा आणि खजाना विहीर बघू नये, हे मला खटकतं. दोन्ही एकाच पाठाचे दोन अर्धे भाग आहेत. बीड शहरातच कंकाळेश्वराचं मंदिर आहे, कुंडातल्या पाण्याच्या मधोमध उभं. लहानपणी आम्हाला ते पाण्यात का बांधलं हे कुणी सांगितलं नव्हतं. आज मला वाटतं, पाणी साठवण्याला देवाची जोड दिली की ते कुंड बुजवायला कुणी धजत नाही.

बाहेरच्या जगातही ज्यांच्याकडे नदी नाही त्यांनी हेच केलं. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर नदी नाही, गोड्या पाण्याचा मोठा तलाव नाही. तिथल्या घरांची छपरं चुनखडीच्या पायऱ्यापायऱ्यांची आणि पांढरी असतात. पावसाचं पाणी त्या पायऱ्यांवरून संथपणे उतरतं आणि घराखालच्या टाकीत जातं. अशी सोय केल्याशिवाय तिथं कायद्यानं घर बांधता येत नाही. आपल्या देशात कच्छच्या रणात खदीर बेटावर धोलावीरा आहे, सिंधू संस्कृतीचं चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचं नगर. तिथल्या लोकांनी पावसाळी ओढे अडवले आणि नगराभोवती मोठमोठे हौद खोदले. खारट रण आणि अपुरा पाऊस, तरी नगर शतकानुशतकं नांदलं.

आता पुन्हा आकड्यांकडे येऊ, यावेळी आपल्या गावासाठी. बीडला वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस धरतात. त्यातला कमी आकडा घेऊ. समजा, माथ्यावरच्या एका गावाचं शिवार हजार हेक्टर आहे आणि वस्ती दोन हजारांची आहे. त्या शिवारावर सरासरीच्या वर्षी ६५० कोटी लिटर पाणी पडतं. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. त्या हिशोबानं दोन हजार माणसांना वर्षभर लागतं सुमारे चार कोटी लिटर. गाई-म्हशी, शेळ्या धरल्या तरी पाच कोटी. ६५० कोटींतले पाच कोटी म्हणजे शंभरातला एक भागही नाही. अर्धा पाऊस पडला तरी तो दीड भाग होतो. मग ज्या गावावर ६५० कोटी लिटर पडतात, तिथं पाच कोटींसाठी आयाबाया टँकरमागे का पळतात?

घराच्या पातळीवर हाच हिशोब अजून सोपा आहे. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षात त्यावर साठ हजार लिटर पडतं. सांडलं, वाफ झालं, पहिल्या पावसाचं सोडून दिलं म्हणून पाचवा हिस्सा वजा केला तरी अठ्ठेचाळीस हजार उरतं. पाच माणसांच्या घराला रोज पावणेतीनशे लिटर लागतं, म्हणजे हे पाणी जवळपास सहा महिने पुरेल. बर्म्युडाचा माणूस हे करतो तो आपल्यापेक्षा शहाणा आहे म्हणून नव्हे, त्याला समुद्र दिसतो म्हणून.

मग बाकीचं पाणी जातं कुठं? बरंचसं वाफ होऊन आणि पिकांतून आभाळात परत जातं, काही वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात सर्वसाधारणपणे दहाव्या हिश्शाच्या आसपास मुरतं. आपल्या उदाहरणातल्या गावात ते झालं ६५ कोटी लिटर. पिण्याचे पाच कोटी काढूनही साठ कोटी उरतात. ज्वारी, हरभरा, करडई, तूर यांना एखादं-दुसरं संरक्षक पाणी द्यायला हे पुरेसं आहे. पण ऊस आला की गणित बदलतं. उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी हेक्टरी सव्वा ते दीड कोटी लिटर जमिनीतून किंवा कालव्यातून द्यावं लागतं. म्हणजे कालवा नसलेल्या आपल्या गावात हजारातले पंचेचाळीस हेक्टर उसाखाली आले, की गावभर मुरलेलं सगळं पाणी तेवढ्यात संपलं. उरलेल्या साडेनऊशे हेक्टरांना आणि दोन हजार माणसांना काही नाही. हा ढोबळ हिशोब आहे, गावागणिक थोडा इकडं-तिकडं होईल, पण त्याची दिशा बदलणार नाही.

उसाला दोष देऊन मोकळं होणं मात्र मला पटत नाही. शेतकऱ्याला हमखास भाव देणारं दुसरं पीक दाखवा, तो ते लावील. प्रश्न असा आहे की आपण कशातून घेतोय हे दिसत नाही. बोअरवेलनं ते आणखी लपवलं. विहिरीत वाकून बघता येतं, पायऱ्या मोजता येतात, यंदा पाणी दोन परस खाली गेलं हे पोरंही सांगतात. बोअर म्हणजे सहा इंची भोक, त्यात वाकून काय दिसणार? पाचशे फुटांवर लागलेलं पाणी किती वर्षांपूर्वी मुरलं होतं हे कुणाला ठाऊक नसतं. खजाना विहिरीनं जी मर्यादा दगडात बांधली होती, ती बोअरनं उखडून टाकली. कोकणातल्या काकूंना खारट चव निदान बजावते की थांब. आपल्याला कोणी बजावत नाही. एके दिवशी मोटार नुसती गुरगुरते, तेव्हा कळतं.

बेटाचं स्वतःचं पाणी संपलं तर काय होतं? दोनच गोष्टी होतात. एक तर पाणी बाहेरून आणावं लागतं. आपल्या शेजारच्या लातूरनं हे २०१६ साली पाहिलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. पुढं एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. रुळांवरून आलेलं ते पाणी म्हणजे बेटावर बोटीनं पोचवलेला शिधाच होता.

दुसरी गोष्ट जास्त जुनी आहे, आणि तिच्याविषयी बोलताना मन जड होतं. पाणी बाहेरून आणता आलं नाही, तर माणसं बाहेर जातात. बीड जिल्ह्यातून हिवाळ्यात सगळ्यात जास्त कुटुंबं बाहेर पडतात ती सुट्टीसाठी नव्हेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरं. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर ती पोचतात आणि उसाच्या पाचटाची कोपी घालून तिथं चार-पाच महिने काढतात. गावात म्हातारी माणसं उरतात, काही शाळकरी मुलं आजीपाशी राहतात, बाकीची शाळा सोडून फडावर जातात. ज्या पाण्यानं आपल्या शिवारात दोन पिकं येऊ शकली असती ते साठवलं गेलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेलं पीक कापायला जावं लागतं. कोरडवाहू जमीन, कर्ज, रोजगाराचा अभाव अशी कारणं अनेक आहेत, पण त्यांच्या तळाशी पाणी आहेच. तिकडं कोकणानंही हेच भोगलं आहे. एवढा पाऊस असूनही दापोली, श्रीवर्धन, मालवणच्या घरांतली तरुण माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांकडे गेली आणि घरं मनीऑर्डरीवर चालली.

यावर उपाय काही लांबच्या देशातून आणायचा नाही. आष्टी तालुका ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो, आणि त्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पाऊस बीडपेक्षाही कमी. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर त्या गावानं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं राखली. पण अशी कामं करणारी गावं पुष्कळ आहेत. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढं आहे. पावसाळा संपला की ते गाव यंदा किती पाणी पडलं आणि विहिरींत किती आहे हे मोजतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतं आणि उरलेल्यावर पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, उसासारखं तहानलेलं पीक घ्यायचं नाही, हे गावानं स्वतःवर घातलेलं बंधन आहे. आपण बेटावर राहतो हे कबूल केलेल्या गावाचं हे वागणं आहे. आपल्या जिल्ह्यातही ही ताकद आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, निवडलेल्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. भर उन्हात गावंच्या गावं टिकाव-फावडं घेऊन माथ्यावर चढली होती. खणणं आपल्याला जमलं. मोजणं आणि वाटून घेणं हा पुढचा आणि जास्त अवघड भाग आहे, कारण त्यात घाम कमी आणि मन मोठं लागतं.

या सगळ्यात मुलांच्या सुट्टीचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध आहे. पाण्याचं शहाणपण भाषणानं येत नाही, नजरेनं येतं. आगरदांड्याच्या बोटीवर किती गाड्या मावतील हे खलाशी एका नजरेत ठरवतो, बाकीच्यांना पुढच्या फेरीची वाट बघायला सांगतो आणि कुणी भांडत नाही, कारण बोटीची कड सगळ्यांना दिसत असते. जंजिऱ्याच्या तलावाकाठी उभं राहिलं की दहा वर्षांच्या मुलीलाही कळतं की हे संपलं तर दुसरं नाही. तिथं तिला एवढंच विचारावं, “आपल्या गावाचा असा तलाव कोणता? तो केवढा? त्यात आज किती आहे?” बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनाही देता येणार नाही. ते शोधायला परतीच्या वाटेवर अर्धा दिवस खजाना विहिरीसाठी ठेवावा, आणि एका सकाळी गावच्या माथ्यावर चढून पाणलोटाची धार पायाखाली घालावी. धारेवरून एक फेरी मारली की मुलांना आपल्या बेटाचा किनारा ठाऊक होतो.

आणि ज्यांच्या हाती ग्रामपंचायत आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेत फक्त एक आकडा फळ्यावर लिहा: यंदा आपल्याकडे किती पाणी आहे. त्याखाली माणसांचं आणि जनावरांचं लिहा. वजाबाकी करा. पिकांची चर्चा त्यानंतर होऊ द्या. कोयते गाव सोडण्याआधी, मुकादम उचल वाटण्याआधी हा आकडा लोकांसमोर यायला हवा, कारण त्यातून यंदा किती घरांना गावातच हिवाळी पीक घेता येईल हे ठरतं.

सुट्टी म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला. जाणं आपल्या हातात असणं आणि परत येणंही आपल्या हातात असणं, एवढंच तिचं मर्म आहे. आज आपल्या जिल्ह्यात थोड्या घरांना हे सुख आहे, आणि लाखो माणसांसाठी हिवाळ्यातलं घर सोडणं उचलीच्या आकड्यावर ठरतं. पाणी मोजून वाटायला शिकलेलं गाव एका वर्षात श्रीमंत होणार नाही. पण फडावर जायचं की शिवारात हरभरा पेरायचा हा निर्णय ते एकेका घराला परत देऊ शकतं. त्या निर्णयाचा हक्क बीडच्या प्रत्येक घराला मिळावा, आणि मग ज्याला जायचं त्यानं खुशाल समुद्र बघायला जावं.